हाड जिवंत असतं

१६ जाने.
डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. नशीब, उजवा शाबूत, म्हणून हे तरी लिहिता येतंय.
बाल्कनीत कुंड्यांना पाणी घातलं, फरशी ओली, सपात घसरली. पडले म्हणजे काय, खाली बसले नुसती. हात टेकला. कट्ट. आवाज स्पष्ट ऐकला मी.
वाशीच्या हाडांच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे दिव्यावर धरला आणि विचारलं, "कुठून पडलात?" म्हटलं, "कुठून नाही, माझ्याच उंचीवरून." त्यांनी एक्स-रे पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, "एवढ्याशा पडण्याने मनगट मोडायला नको होतं, नलिनीताई. हाडांची घनता तपासून घेऊ. पाळी कधी गेली?" लवकर गेली माझी, पंचेचाळिशीतच. त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. रेघ का?
घरी पोचते तोच मंदाचा फोन. "हात मोडला तं मोडला. पाय हायेत न्हवं? श्रावणाला लई येळ हाय आजून."
मंदा ती मंदाच. सातारा सोडून ऐरोलीत उभी हयात गेली, बोली तशीच. आमच्या भिंगरी ग्रुपचा आवाज ती, पाय मी. मी खेळ बसवते, ती गाते. आजवर सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये मंगळागौरी केल्या. ह्या वर्षी वाशीचा मोठा हॉल, खरं स्टेज, खरे लाइट! आणि मी हात मोडून बसलेय.

३० जाने.
आज ती तपासणी. डेक्सा. मला वाटलं होतं बोगद्यात घालतील, देव आठवून गेले होते. काही नाही. साधा पलंग, वरून एक दांडा सरकत जातो, कमरेवरून, पाठीवरून. दुखत नाही, आवाज नाही. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "झालं, उठा." म्हटलं, एवढंच? माझा चेहरा पडला थोडा.
हे बाहेर बसले होते. माझ्यापेक्षा घाबरलेले.

२ फेब्रु.
रिपोर्ट आला. कणा आणि खुबा दोन्हीकडे आकडा उणे अडीचच्या खाली. त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाडं ठिसूळ.
पण आज जे ऐकलं ते आधी लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. हाड जिवंत असतं! मला आयुष्यभर वाटत होतं हाड म्हणजे काठी. आत आहे, उभं ठेवतंय, बस. डॉक्टरबाईंनी कागदावर काढून दाखवलं. आत दोन प्रकारच्या पेशी. एक जुनं हाड खरवडून काढतात, दुसऱ्या नवीन भरतात. हे जन्मभर चालू! तरुणपणी भरणारे पुढे, पाळी गेल्यावर खरवडणारे पुढे. माझी पाळी लवकर गेली, म्हणून खरवडणाऱ्यांना वर्षं जास्त मिळाली. म्हणून ती रेघ.
मी विचारलं, "म्हणजे आत्ता, मी इथे बसले असताना, माझ्या आत काम चालू आहे?"
"चालू आहे. आपण भरणाऱ्यांना मदत करायची आणि खरवडणाऱ्यांना जरा आवरायचं."
ह्यांना ह्यातलं काही ऐकू आलं नाही. परतताना गाडीत एकच वाक्य, "चाळण झालीय म्हणजे."
मी मात्र स्वतःच्या गुडघ्याकडे बघत बसले होते. नव्याने.

५ फेब्रु.
गोळी आठवड्यातून एकदाच, पण तिचा थाट मोठा. आधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन सगळं नीट आहे ना बघायचं (झालं, एक दाढ भरली). मग रविवारी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. चहा नाही. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेला भाजते. शिवाय कॅल्शियम, आणि ड जीवनसत्त्व. ते तर माझं तळाला गेलेलं. नवी मुंबईत एवढं ऊन, आणि मी बेलापूरच्या ऑफिसात ट्यूबलाइटखाली जन्म काढला.
नाचणी, तीळ, दूध, सुकट, सगळं खा म्हणाल्या. पण नुसत्या खाण्यावर हे निभणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

८ फेब्रु.
पहिली गोळी. हे घड्याळ घेऊन समोर उभे. "सरळ बस. वाकू नको. पेपर मी धरतो." त्यांनी पेपर धरला, मी वाचला. असलं लाडाचं वाचन लग्नानंतर पहिल्यांदाच.

१३ फेब्रु.
घरातली पायपुसणी गायब. बाथरूममध्ये दांडा बसला, बरं झालं. पण झाडू लपवलाय, पाण्याची बादली मला उचलू देत नाहीत, दळण आणायला जाऊ देत नाहीत. न्हावा शेव्याला क्लिअरिंगच्या ऑफिसात आयुष्य काढलेला माणूस. माझ्यावर 'काच, जपून' अशी चिठ्ठी चिकटवायचीच बाकी ठेवलीय.

१७ फेब्रु.
आज भांडलो. मोठ्याने. शेजारी ऐकू गेलं असणार.
मंदाचा फोन आला, आवाज वेगळाच. "आगं नलू, तू ग्रुप सोडलास म्हनं? मला सांगायचं तरी." मी म्हटलं, कोण म्हणालं? तर म्हणाली, "भावजींनी फोन केलता सकाळी. नलू आता खेळनार न्हाई, दुसरी बघा."
हातातला फोन तसाच ठेवून बाहेर गेले. म्हटलं, "मला न विचारता?"
"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."
"मग घाला मला कंटेनरमध्ये आणि सील मारा!"
ह्यांनी मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं फक्त. मला कळलं. सासूबाई. बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशनही झालं, पण त्या खोलीतून चालत बाहेर आल्याच नाहीत. हेच त्यांची कूस बदलायचे. शेवटी शेवटी त्यांना उचलताना हे विचारत राहायचे, कुठे धरू, काय मोडेल.
राग गेला नाही माझा. पण ओरडणं थांबलं.

१८ फेब्रु.
ह्यांनी मंदाला फोन केला. "मी चुकीचं बोललो, नलू सोडत नाहीये." स्वतःहून. मी किचनमधून ऐकलं. चहात आलं जास्त घातलं.

२७ फेब्रु.
प्लास्टर सुटलं! हात पांढुरका, बारका, दुसऱ्याच कोणाचा असावा असा.
डॉक्टरबाईंसमोर ह्यांनी विचारलंच. "हिला आता आराम ना? खेळबिळ बंद ना?" त्या म्हणाल्या, "उलट. काका, हाडाला काम मिळालं नाही तर ते राहत नाही. घरात बसवून ठेवाल तर आणखी झिजेल. फक्त कुठलं काम, ते शिकून घ्या." मग ह्यांच्याकडे नीट बघून, "तुम्हाला दमा आहे का?" आहे. "स्टेरॉइडच्या गोळ्या?" बरीच वर्षं, अधूनमधून. "मग तुमचीही तपासणी करा. त्या गोळ्यांनीही हाडं झिजतात."
"माझी? हा बायकांचा आजार ना?"
बाई नुसत्या हसल्या.

४ मार्च
प्रणाली! काय मुलगी आहे. फिजिओथेरपिस्ट. इथलीच, दिवा गावातली, क्लिनिक गावाच्या वेशीवरच. आमच्याशी फटाफट मुंबईचं बोलते, आईचा फोन आला की "आये, पेशंट हाय समोर, ठेव."
खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं. उठले, पण गुडघे कुरकुरले. एका पायावर उभं राहायला लावलं. राहिलेच नाही! पाय टेकला लगेच. मी भिंगरी ग्रुपची प्रमुख! ती हसली, मी हसले, हे हसले नाहीत.
"काकू, चालणं चांगलं. पण हाडाला वजन पाहिजे. स्नायू हाडाला ओढतो, हाडाला कळतं काम आलंय, मग ते भरतं. आणि बॅलन्स. पडलाच नाहीत तर मोडणार काय?"
मग मी मोबाइलवर आमचा गेल्या वर्षीचा कार्यक्रम दाखवला. ती बोट लावून थांबवत गेली. गाठोडं, म्हणजे पाय धरून जमिनीवर गोल लोळायचं, बंद. कोंबडा, उकिडवं बसून उड्या, बंद. पाठ पुढे गोल करून वाकायचं नाही, वजन धरून पिळायचं नाही. मणका तिथेच दबतो. "टाळ्यांचे खेळ चालतील. सूप नाचवणं चालेल, वाकून नको, उभ्याने."
"आणि फुगडी?"
"फुगडी... बघू."
"बघू नाही, बंद," हे.
"काका, मी बघू म्हटलं ना."

११ मार्च
ट्रॅकपँट घेतली. जन्मात पहिल्यांदा. आरशात बघून स्वतःलाच हसू आलं, मग बाजूने बघितलं, मग जरा आवडलं.

१९ मार्च
सोसायटीच्या जिममध्ये गेले. आजवर त्या काचेपलीकडे कधी पाय ठेवला नव्हता. आत आयटीतली पोरं-पोरी, कानात बोंडं. प्रणाली सोबत होती. आधी हलके डंबेल्स, मग थोडे जड. कमरेतून मागे जायचं, पाठ फळीसारखी, आणि जमिनीवरचं वजन उचलायचं.
उचललं.
उचललं!! दळणाच्या डब्याएवढं असेल. ज्या बाईला घरात बादली उचलू देत नाहीत तिने. प्रणाली ओरडली, "जमला ना काकू! काय ताकद हाय!" शेजारच्या पोराने कानातलं काढून टाळी वाजवली.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. "किती वजन?" सांगितलं. पेपर खाली आला.

२८ मार्च
मांड्या दुखतात. जिने उतरताना आई गं. पण हे दुखणं वेगळं, कमावलेलं.

५ एप्रिल
तालीम सुरू. आज एक गोष्ट दिसली आणि डोक्यातून जात नाहीये.
रांग लावताना मी उंचीने लावते. मंदा नेहमी माझ्यामागे, कारण ती उंच. आज ती मागे उभी राहिली तर दिसेच ना. पुढे घेतलं. तिच्या डोक्यावरून मला पलीकडचं दिसतं आता. कधी झालं हे? आणि पाठीला जरासा बाक. नऊवारी पुढून जमिनीला लागते तिची, "शिंप्यानं जास्त ठिवलीय" म्हणाली.
पाठीत चमक असते तिला. बाम लावते. वर्षभर तरी ऐकतेय मी.

९ एप्रिल
मंदाला म्हटलं, तपासून घे. नीट म्हटलं, चहा देऊन, हळू. तरी बिघडलं.
"कशापायी? वय झालं की मान्सानं वाकायचंच. माझी आय वाकली, आज्जी वाकली."
"त्यांचे मणके दबले असतील मंदा. वयाने नुसतं कोणी बुटकं होत नाही एवढं."
"तुला एक कागुद मिळाला तं आता समद्यांना आजारी करत सुटलीस. तुजी चाळन तुजी तुला. मला नको."
चहा तसाच ठेवून गेली.

१० एप्रिल
फोन उचलत नाही.

१८ एप्रिल
क्लबहाऊसमध्ये प्रणालीला बोलावलं. आमच्या ग्रुपच्या सगळ्या, शिवाय सो.तल्या इतर बायका. मला वाटलं चारजणी येतील. खुर्च्या कमी पडल्या!
प्रणाली म्हणाली, "पाळी गेल्यानंतरची पहिली काही वर्षं हाडं सगळ्यात भराभर झिजतात." तेवढ्यात सो.चे चेअरमन दार उघडून आत, वाक्य ऐकलं, "सॉरी सॉरी" म्हणत बाहेर. हशा थांबेना. मग काय, सगळ्यांची तोंडं सुटली. कोणाची लवकर गेली, कोणाचं गर्भाशय काढलंय, कोणाची आई खुबा मोडून गेली. इतकी वर्षं एकत्र फेर धरतोय आम्ही, आणि हे आज बोललो.
मग सगळ्या खुर्च्यांवरून हात न टेकता उठा-बस. गाण्याच्या ठेक्यावर! माझ्या डोक्यात तिथेच ठिणगी पडली. हेच खेळात घालायचं. खुर्चीचा खेळ. मंगळागौरीत खुर्ची कोणी पाहिलीय?
मंदा आली नाही. गायला कोणी नव्हतं, मोबाइलवर ठेका लावला.

३ मे
मंदाचा फोन. सकाळी. तिने केला, पण बोलेना. नुसता श्वास.
धावत गेले, धावत नाही, भरभर. एकटीच असते ती, मुलगा पुण्याला. दार कसंबसं उघडलं तिने. भिंतीला धरून, घामाने भिजलेली. गादीखालून चादर ओढायला वाकली आणि पाठीत काहीतरी सटकलं म्हणे. पडली नाही, आपटली नाही. नुसती वाकली.
हे गाडी घेऊन आले. वाशी. मागच्या सीटवर मी तिचा हात धरून. खड्डा आला की ती माझी बोटं चुरगळायची. ह्यांनी गाडी इतकी हळू चालवली की मागून हॉर्नवर हॉर्न. ह्यांनी काच खाली करून कोणाला तरी शिवी दिली. मी प्रथमच ऐकली त्यांच्या तोंडून.
एक्स-रे. एक मणका आजचा दबलेला. आणि त्याच्या वर एक, जुना. दोन्ही पाचरीसारखे.
मंदा डॉक्टरबाईंना म्हणाली, "म्हंजी मी आदीच मोडल्याली व्हते? आन् मला ठावच न्हवतं?"
"बऱ्याच जणींना नसतं. लोक पाठदुखी समजून बाम लावत राहतात."
माझ्याकडे बघितलं तिने. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल. मी तिची पिशवी धरून उभी राहिले.

६ मे
मंदा आमच्याकडे. सासूबाईंच्या खोलीत. ह्यांनीच सुचवलं. मी विचारणार होते, त्याआधी.
कमरेला पट्टा. झोपताना कुशीवरून उठायचं, सरळ उठायचं नाही, हे ह्यांनी तिला करून दाखवलं. स्वतः पलंगावर आडवे होऊन! तिला दुखत असताना हसू आलं. "भावजी, तुमी नर्स व्हा."

१० मे
मंदाचा डेक्सा. माझ्यापेक्षा वाईट. तिला रोजचं इंजेक्शन दिलंय, पेनासारखं, पोटावर आपलं आपणच टोचायचं. हे हाड भरणाऱ्यांना जोर देणारं. मी तिला कागदावर काढून दाखवलं, खरवडणारे, भरणारे. डॉक्टरबाईंपेक्षा माझं चित्र वाईट आलं, पण तिला समजलं.
"म्हंजी आत गवंडी हायेत?"
"आहेत."
"मंग त्यांना चा-पानी दिलं पायजे," म्हणाली आणि पेन टोचलं. डोळे मिटून, पण स्वतः.

१४ मे
ह्यांचाही रिपोर्ट आला. गुपचूप जाऊन आले होते, मला बेलापूरला काम आहे सांगून. घनता कमी, माझ्याएवढी नाही, पण कमी. सोफ्यावर बसले, मोजा काढला, एकाच पायाचा. "नलू, माझी उंची पण कमी झालीय म्हणतात." इतकं पडलेलं तोंड. मी म्हटलं, "उद्यापासून जिमला. ट्रॅकपँट माझ्यासारखीच घेऊ, निळी."
हसू नये, पण हसले. मग तेही.

२ जून
मंदा चालते. हॉल ते किचन, किचन ते बाल्कनी. पट्टा कमी केला. प्रणाली येऊन तिला भिंतीला पाठ लावून उभं करते, हनुवटी आत, खांदे मागे. मंदा म्हणते, "शाळंत मास्तर भितीला उबं करायचे, तसं करतीया ही पोरगी." रोज जरा जास्त वेळ उभी राहते.
दुखतंच आहे. रात्री कण्हते. सकाळी विचारलं की "न्हाई, कुटं."

२० जून
ती आपल्या घरी गेली आज. खोली रिकामी. ह्यांनी त्या दाराची कडी नेहमीसारखी लावली नाही. उघडंच आहे.

५ जुलै
तालमी जोरात. खुर्चीचा खेळ काय बसलाय! दहाएक जणी, नऊवारी, समोर खुर्च्या, टाळी, उठ, टाळी, टाचा उचल, आपट, बस. टाचा आपटल्या की क्लबहाऊसची फरशी वाजते. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. आली तर आली.
सूप उभ्याने, डोक्यावर उंच. लाटणी आपटायचा खेळ, पाठ ताठ. एका पायावर उभं राहून उखाणा घ्यायचा, पाय टेकला की बाद. ही माझी कल्पना! पाय आता टेकत नाही माझा. टेकतो, पण उशिरा.
मंदा स्टुलावर ताठ बसून गाते. पहिल्या दिवशी आवाज अर्धाच निघाला, श्वास पुरेना. आज पुरला. शेवटच्या ओळीला तिने तो जुना खेचलेला सूर लावला आणि आम्ही ठेका विसरलो.
एकच खेळ नाही त्यात. सगळ्यांना कळतंय, कोणी बोलत नाही.

१२ जुलै
बोलले मीच. डॉक्टरबाईंना विचारलं, फुगडी? त्या म्हणाल्या, "गरगर फिरताना हात सुटला तर? तोल गेला तर? ह्या वर्षी नको. जानेवारीत परत डेक्सा करू. आकडा वाढला तर उत्तम, आहे तिथेच राहिला तरी ती जीत समजा. मग बोलू." प्रणालीचंही तेच. वाईट वाटलं. लहानपणी गावच्या अंगणात फुगडीत मला हरवणारी कोणी नव्हती. हात आखडायचे, मागे झुकायचं, आभाळ फिरायचं.
पण ठरलं. नाही म्हणजे नाही.

१९ ऑगस्ट
आज! आत्ताच आलो. पायात अजून पैंजण, तसंच लिहितेय. हॉल भरलेला, मागे लोक उभे. लाइट इतके की पहिल्या रांगेपलीकडे काही दिसेना, नुसता अंधार आणि टाळ्या.
खुर्च्या स्टेजवर आणल्या तेव्हा खुसखुस झाली. म्हाताऱ्यांची व्यवस्था वाटली असणार. मग ठेका सुरू झाला आणि टाचा आपटल्या. अंधारातून शिट्टी! बाईची शिट्टी!
माझा एका पायावरचा उखाणा:
"कॅल्शियमची गोळी, सकाळचं ऊन,
दत्तारावांचं नाव घेते पाठ ताठ ठेवून."
हॉल उसळला. हे कुठेतरी पाचव्या-सहाव्या रांगेत असणार. दिसले नाहीत.
मग शेवटी जे व्हायचं तेच झालं. लोक ओरडायला लागले, "फुगडी! फुगडी!" टाळ्यांच्या ठेक्यात. पाय शिवशिवत होते माझे, खोटं कशाला लिहू. बाजूची, ग्रुपमधली सुलभा हात पुढे करून उभी होती, मी धरणार म्हणून. मी नाही धरला. माइक घेतला आणि म्हटलं, "ह्या वर्षी नाही. हाडं भरतायत."
टाळ्या थांबल्या. मला वाटलं, घालवलं सगळं.
आणि मंदा स्टुलावरून उठली. हात न टेकता. कोणी सांगितलं नव्हतं, तालमीत नव्हतं. स्टेजच्या मधोमध येऊन उभी राहिली, अगदी सरळ नाही, पण जितकी होता येईल तितकी सरळ, आणि गायली. साथ नाही, ठेका नाही. मग आम्ही सगळ्या तिच्याभोवती, हळू, हातात हात, चालत चालत फेर. बस. तेवढंच.
उतरताना विंगेत तिने माझा दंड धरला. "एप्रिलमदी ऐकाया पायजे व्हतं तुजं." मी म्हटलं, "गप गं." पाणी दिलं तिला.

२० ऑगस्ट
फोन थांबेना. लोक विचारतात, तो खुर्चीचा खेळ शिकवाल का? घणसोलीचा एक ग्रुप, नेरूळचा एक. प्रणालीला सांगितलं, ती म्हणाली, "काकू, माझ्या आयेला पन आना." आणीन.

२३ ऑगस्ट
गोळी. हे पण आता त्याच वेळी आपली घेतात. दोघं ताठ बसून एकमेकांकडे बघत असतो.

४ सप्टें.
वाशीच्या हॉलवाल्या बाईंचा फोन. पुढच्या श्रावणात परत या. "आणि ताई, पुढच्या वर्षी फुगडी हवीच हं. लोक विचारतायत हाडं भरली का म्हणून."
मी हो म्हणून बसले! तोंडातून निघून गेलं. डेक्साला अजून चार महिने. आकडा काय येईल, आतून काही कळत नाही. मनगट दाबून बघते, खुब्यावर हात ठेवते. शांत असतं सगळं.
मंदाला सांगितलं. ती किंचाळली. मग म्हणाली, "जोडीदार मी." तिला अजून दुधाची पिशवी उचलताना दुखतं. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू न्हाई, मी."
संध्याकाळी ह्यांना सांगितलं. जिमहून आले होते, निळी ट्रॅकपँट, मान पुसत. ऐकून घेतलं. मला वाटलं आता "बंद" येणार. टॉवेल खुर्चीवर टाकला, बसले. मग:
"हात सुटू नये म्हणून पकड कशी धरतात, दाखव बरं."
दाखवली. दोन्ही हात, बोटांत बोटं, घट्ट. फिरलो नाही. नुसते उभे राहिलो तसे, हॉलच्या मधोमध.